दोघी बहिणी जोडीनं लोकगीतं गातात, त्यांना यातच पुढं जाऊ द्यावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुम्ही कळंबच्या बाजूचे, दोन पोरी, थोरली १७ ची अन धाकटी १५ ची, दोघी आजीकडून शिकलेली देवीची गाणी अन जात्यावरच्या ओव्या जोडीनं गातात, येरमाळ्याच्या यात्रेतला त्यांचा एक व्हिडिओ लई फिरला, आता एक कंपनी ५ वर्षांचा करार घेऊन दारात आलीय, अन दुसरीकडं पाहुणे म्हणायलेत की थोरलीला स्थळं बघा, गाण्यात काय ठेवलंय. तर करिअर करू द्यावं का, अन करायचं तर कसं, असं तुमचं विचारणं आहे.

मी स्वतः धाकट्या बहिणीबरोबर जोडीनं गात आलेय. परभणी हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत नवरात्र, यात्रा, भीमजयंती, हळदी, रेडिओ, सरकारी महोत्सव सगळं केलं, दोघींची लग्नं झाली, लेकरं झाली, अजून गातो, अन मी आता पोरींना शिकवते पण. त्यामुळं जे लिहिते ते त्यातूनच.

माझं उत्तर हो असं आहे. पण व्हिडिओ चालला म्हणून हो नाही बरं का. व्हिडिओ आज हिचा चालतो उद्या तिचा चालतो. तुमच्या घरात आजी आहे अन तिची गाणी पोरींच्या तोंडात बसलीत, म्हणून हो. बहिणींची जोडी दोन गोष्टींवर टिकते असं मी इतक्या वर्षांत बघितलंय, एक म्हणजे गाण्यांचा साठा, अन दुसरं म्हणजे घरातला आपसातला व्यवहार, म्हणजे पैसा, लग्न, नाव, पुढं कोण मागं कोण. आवाज चांगला असून बसलेल्या जोड्या मी बघितल्या, त्या आवाजामुळं नाही बसल्या, या बाकीच्या गोष्टी कुणी वेळेवर बोललंच नाही म्हणून बसल्या.

आधी आवाजाचं बोलते. सख्ख्या बहिणींचा आवाज जसा मिसळतो तसा दोन वेगळ्या घरच्या बायांचा वर्षानुवर्षं रियाज करूनही मिसळत नाही. गळ्याची ठेवण सारखी, बोली सारखी, शब्द कुठं दाबायचा कुठं सैल सोडायचा ते एकाच चुलीपाशी ऐकलेलं, त्यामुळं "आई" म्हणताना दोघींची ई सारखीच लांबते, सारखीच तुटते. आपल्या लोकगीतात याला लई किंमत आहे कारण आपल्याकडं दोघी एकाच सुरावर गातात, एक पुढं होते अन दुसरी झील धरते, म्हणजे मागून ओळ उचलून साथ देते, तिथं शब्दाचा शेवट जरा जरी मागंपुढं झाला की मागच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला पण कळतं.

पण हे फुकट मिळालेलं असतं म्हणून त्याच्यावर कुणी मेहनत घेत नाही. बहुतेक घरात थोरली कायम पुढं अन धाकटी कायम झिलीला असंच चालतं, अन मग एक दिवस थोरलीचा घसा बसला की आख्खा कार्यक्रमच बसतो. म्हणून माझ्याकडं जोडीनं येणाऱ्या पोरींना मी आधी वेगळं वेगळं गायला लावते. प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघींना एकटीनं म्हणता आलं पाहिजे, एक गाताना दुसरीनं गप बसून ऐकायचं, मधी सांगायचं नाही. नंतर अदलाबदल, आज जी पुढं ती उद्या झिलीला. तुमची धाकटी सुरुवातीला लाजंल, चिडंल, पण एका हंगामात फरक दिसंल.

श्वासाचं एक बारीक काम आहे ते कुणी शिकवत नाही म्हणून सांगते. देवीच्या गाण्यात लांब ओळी असतात, "उदे" चा पुकारा तर खेचावाच लागतो, अन बहिणी असल्यामुळं दोघी नेमका एकाच जागी श्वास घेतात, मग तिथं गाण्याला भोक पडतं, फक्त संबळ वाजत राहते. त्याला उपाय म्हणजे वही. गाणं मोठ्या अक्षरात लिहा, थोरलीच्या श्वासाची खूण लाल पेननं अन धाकटीची निळ्यानं करा, अन दोन्ही खुणा एका जागी येऊ द्यायच्या नाहीत. एक श्वास घेते तोवर दुसरी सूर धरून ठेवते. आम्ही अजून नवीन गाणं बसवताना असंच करतो, अन ऐकणाऱ्याला वाटतं की या बाया श्वासच घेत नाहीत.

पट्टीकडं, म्हणजे कुठल्या सुरावरून गायचं त्याच्याकडं, लक्ष द्या. आपल्याकडं देवीची गाणी म्हणणाऱ्या मेळ्यातले बुवा पेटीच्या काळी एक नाहीतर काळी दोनवर गातात अन पोरींना त्याच पट्टीत ओढतात, मग त्यांनी एकतर खाली गुणगुणायचं नाहीतर वरच्या सप्तकात ओरडायचं. असं दोनचार नवरात्रं ओरडून गळा कायमचा फाटलेल्या पोरी मला माहीत आहेत. बायांचा आवाज साधारण काळी चार, काळी पाचला मोकळा होतो, कुणाचा थोडा इकडं तिकडं. मोबाइलवर तंबोऱ्याचं अॅप फुकट मिळतं, त्याच्यावर दोघींची पट्टी तपासा. दोघींची वेगळी निघाली तर ज्या गाण्यात जी पुढं तिची पट्टी धरायची, अन पेटीवाल्याला तसं आधीच सांगून ठेवायचं. त्याच्या सोयीनं आपण गायचं नाही.

साउंडबद्दल एवढंच की यात्रेत साउंडवाला सगळ्यांना एको लावतो, म्हणजे आवाज घुमवतो, जोडीच्या गाण्यात एको म्हणजे दोनाचे चार आवाज होतात अन शब्द मरतात. एक तास आधी जा, एको बंद करायला लावा, दोन्ही माइक एकाच जातीचे घ्या, अन एक गाणं म्हणून बघा. कोण उजवीकडं कोण डावीकडं हे पण ठरलेलं असू द्या, कारण वाजवणारे कोण पुढं आहे हे बघून हात सैल घट्ट करतात.

आता साठ्याचं, अन इथं मी जरा जास्त लिहिणार कारण यातच तुमच्या पोरींचं सगळं आहे. तुम्ही लिहिलं की कंपनीवाले म्हणायलेत आजीची गाणी जुनाट आहेत, बीट टाकून नवीन करू, वर्षात १२ गाणी सोडू. अहो, ती जुनाट गाणी हीच तर तुमची इस्टेट आहे. बीट टाकलेली गाणी हजारो जण करायलेत, पण आजीनं जात्यावर म्हणलेली ओवी दुसऱ्या कुणाकडं तशी नाही. गी पॉइत्व्हाँ अन हेमा राईरकर या दोघा अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा करायला घेतल्या तर तो आकडा १ लाखाच्या वर गेला, अन त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ ला गायलेल्या ओव्या पण आहेत. आज त्या पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर ऐकायला मिळतात, पोरींना नक्की ऐकवा. कुठली बाई सीतेवर गाते, कुठली बाबासाहेबांवर गाते, कुठली भावावर, अन चाल बघितली तर गावागणिक बदलत जाते. जातं गेलं, गिरणी आली, म्हणून गाणी घरात बंद पडली, पण ज्या बाईला पाठ आहेत तिला अजून पाठच आहेत.

तेव्हा पहिलं काम आजचंच. आजीला पाटावर बसवा, पंखा बंद करा, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून तिच्यासमोर हातभर अंतरावर ठेवा अन जे आठवंल ते म्हणू द्या. मधी थांबवून शब्द विचारू नका, ओघ तुटतो, शब्द नंतर विचारायचे. गाणं झालं की तिला विचारा हे कधी म्हणायचं, कुणाकडून आलं, कुठल्या गावाची चाल. ते पण रेकॉर्ड करा. मंचावर दोन गाण्यांच्या मधी पोरींनी हेच सांगायचंय, लोकांना ते गाण्याइतकंच आवडतं, निवेदकाच्या शेरोशायरीपेक्षा तर फार जास्त.

दोन तासांच्या कार्यक्रमाला १८-२० गाणी तरी तयार लागतात अन ती पण एका जातीची चालत नाहीत. नवरात्रात आराधी मेळ्याची गाणी, एप्रिल मे मध्ये भीमगीतं, यात्रेत भारूड अन गवळण, हळदीला हळदीची, पैठणच्या नाथषष्ठीच्या बाजूला गेलात तर नाथांची भारुडं आलीच पाहिजेत. भारूड नुसतं गाऊन होत नाही, त्यात सोंग आहे, बोलणं आहे, अन दोन बहिणींना ते फार शोभतं कारण सवाल जवाब आपोआप होतात. सिल्लोडकडचे निरंजन भाकरे भारूड कसं रंगवायचे त्याचे व्हिडिओ बघा, २०२१ ला कोरोनानं त्यांना नेलं, पण पायघोळ वेशात तो माणूस हजारो लोकांना एकटा धरून ठेवायचा. मीराबाई उमप दिमडी हातात घेऊन भारूड गातात ते पण पोरींना दाखवा, बाईनं एकटीनं मंच कसा भरायचा ते त्यात दिसतं.

अन गोंधळाबद्दल एक जरा जपून सांगते. गोंधळ हा गोंधळी समाजाचा पिढीजात विधी आहे, त्यांचं पोट अन त्यांची श्रद्धा त्याच्यावर आहे. परभणीच्या राजारामबापू कदमांनी तो मोठ्या मंचांवर नेला म्हणून आज शहरातल्या लोकांना कळतो तरी. तुमच्या पोरींनी गोंधळातली गाणी म्हणावीत, पण एखाद्या जाणत्या गोंधळ्याकडं बसून शिकून म्हणावीत, कुणाकडून शिकलो ते मंचावर नाव घेऊन सांगावं, अन संबळ तुणतुण्याला त्याच घरातली माणसं घ्यावीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पोरींच्या हातात एकेक वाद्य पण द्या. कडूबाई खरात एकतारी घेऊन एकट्या गायच्या, त्यांच्या मागं काही ऑर्केस्ट्रा नव्हता, तरी घराघरात पोचल्या. वाद्य हातात असलं की चार माणसांच्या पार्टीशिवाय पण कार्यक्रम होतो, शाळेत, वाचनालयात, रेडिओवर. एकीला दिमडी किंवा खंजिरी, दुसरीला पेटी किंवा तुणतुणं. चामड्याच्या वाद्याचं तुम्हाला माहीतच असंल, हवेत ओल आली की हलगी दिमडी उतरते, शेकल्याशिवाय बोलत नाही, अन सभागृहात जाळ करू देत नाहीत, म्हणून आम्ही तापणारा मोठा बल्ब बरोबर ठेवतो, त्याच्यापाशी धरून तापवतो. एक फायबरची पण जवळ ठेवावी, आवाज तेवढा गोड नसतो पण पावसाळ्यात अडत नाही.

तुम्ही विचारलं की अशा बहिणींचं पुढं खरंच काही झालंय का कुठं. झालंय की. पंजाबच्या ज्योती अन सुलताना नूरां बघा, नूरां सिस्टर्स म्हणतात त्यांना. आजी बीबी नूरां गायिका, वडील गुलशन मीर यांनी लहानपणापासून घरीच शिकवलं, मेळ्यात, दर्ग्यांवर गाऊन गाऊन गळा तयार झाला, मग २०१३ ला कोक स्टुडिओ अन २०१४ ला रहमानच्या संगीतात हायवे सिनेमातलं गाणं. लोकांना २०१४ दिसतं, त्याच्या आधीचे मेळे दिसत नाहीत. मेळ्यातला साठा नसता तर एका गाण्यानंतर पुढं काय गाणार होत्या.

अन दुसरी जोडी लांबची आहे, स्वीडनची, फर्स्ट एड किट नावाची, योहाना अन क्लारा सोडरबर्ग. २००८ ला या दोघींनी जंगलात बसून दुसऱ्या एका बँडचं गाणं म्हणलं, व्हिडिओ यूट्यूबवर टाकला अन तो जगभर फिरला. तेव्हा थोरली १७ ची, धाकटी १५ ची, म्हणजे तुमच्याच पोरींची वयं. तरी पहिला पूर्ण अल्बम आला तो २०१० ला, अन दुसरा २०१२ ला, त्यानं नाव मोठं झालं. म्हणजे व्हिडिओ फिरल्यावर त्यांनी घाई नाही केली, मधली वर्षं स्वतःची गाणी लिहिली, छोट्या छोट्या ठिकाणी गायल्या. त्यांचे वडील स्वतः आधी बँडमध्ये होते, ते दौऱ्यावर बरोबर जाऊन साउंड सांभाळायचे, बापाची जागा अशी असावी असं मला वाटतं, बाजूला पण कामाची. २०१४ च्या अल्बमनंतर दौरे करून करून दोघी थकल्या, थांबल्या, धाकटी इंग्लंडात मँचेस्टरला राहायला गेली, अन मग परत एकत्र येऊन २०१८ ला पुढचा अल्बम केला. थांबल्यावर जोडी संपत नाही हे मला त्यांच्याकडं बघून फार पटतं. एक मात्र, त्या दोघी वेगवेगळ्या सुरांवर गातात, त्यांच्याकडची पद्धतच ती. आपल्या ओवीला तसलं काही लावू नका, कुणी अरेंजर म्हणला तरी. ओवी एका सुरातच चालते.

आता करार. थोरली १७ ची आहे अन धाकटी १५ ची, म्हणजे दोघींच्या सहीला कायद्यात अर्थ नाही, सही तुमची घेणार, अन अडकणार त्या. ५ वर्षं म्हणजे धाकटीची पंधरा ते वीस अशी सगळी शिकायची वर्षं एका कंपनीच्या कागदात. मी तरी करू नका म्हणते. एखादं गाणं द्यायचं असंल तर एका गाण्याचा करार करा, पाच वर्षांचा नको. कागदात "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं काही लिहिलेलं दिसलं तर तिथंच थांबा अन तालुक्याच्या वकिलाला दाखवा. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात बदल झाला तेव्हापासून गीतकार अन संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असा एकरकमी लिहून घेता येत नाही, अन गाणाऱ्याचा पण स्वतःच्या गाण्यावर ५० वर्षं हक्क असतो. आजीची पारंपरिक गाणी कुणाच्याच मालकीची नाहीत, पण पोरींनी गायलेलं रेकॉर्डिंग ज्यानं केलं त्याच्या मालकीचं होतं, ही गोष्ट लई जणांना माहीत नसते. आमच्या ओळखीतल्या एका जोडीनं एका लेबलला गाणी दिली, अन नंतर स्वतःच्या कार्यक्रमातला व्हिडिओ स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकला तर त्याच्यावरच लेबलचा क्लेम म्हणजे हक्काचा दावा आला, जाहिरातीचे पैसे लेबलकडं. म्हणून साध्या खोलीत का होईना पण पहिलं रेकॉर्डिंग स्वतःचं करा, स्वतःच्या चॅनलवर टाका. चॅनलचा ईमेल अन पासवर्ड पोरींच्याच नावचा, भाच्याच्या किंवा गावातल्या शूटिंगवाल्याच्या मोबाइलवर नको. १००० सबस्क्रायबर अन वर्षातले ४००० तास बघितलं गेलं की जाहिरातीचे पैसे सुरू होतात, पण त्याच्यावर घर चालंल असं धरू नका.

पैशाचं खरं गणित हंगामावर आहे. नवरात्र, मग मार्गशीर्षात अंबाजोगाई अन माळेगावच्या यात्रेची बाजू, लग्नसराई, चैत्रातल्या यात्रा, १४ एप्रिलपासून पुढं महिना दीड महिना भीमजयंत्या. जेठ ते श्रावण जवळजवळ रिकामं. अन मराठवाड्यात दुष्काळ पडला की यात्रा कमिटी सगळ्यात आधी कार्यक्रमच रद्द करते, २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली आमच्या तारखा अशाच गेल्या, अन २०२० ला तर सगळंच बंद. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, दोघींनी पदवी करायचीच, हे मी अटीवर सांगते. कॉलेजात गेल्या की विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे, लोकगीत, भारूड, पोवाडा, जलसा सगळ्याला जागा आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा पण अन नांदेडच्या पण. आपल्याकडचे कितीतरी कलाकार तिथूनच पुढं आलेत.

इसार म्हणजे आगाऊ पैसे घेतल्याशिवाय तारीख धरू नका, गावकी ओळखीची असली तरी. बिदागी हातात आली की आधी वाजवणाऱ्यांचे पैसे, मग गाडी, मग पोरी. वाजवणाऱ्याला रखडवणारी पार्टी दुसऱ्या वर्षी चांगल्या माणसाशिवाय उभी राहते. मंचावर येणारी बक्षिसं सगळ्यांत वाटायची, कुणाच्या हातात दिली हे बघायचं नाही. अन दोघी बहिणींचं खातं वेगळं. बापाच्या एका खात्यात सगळं नको भाऊ, राग मानू नका. लग्न झाल्यावर "माझं किती होतं" हा प्रश्न निघतोच, अन तेव्हा पासबुक असलं तर तो पाच मिनिटात मिटतो, नसलं तर दिवाळीला बहिणी एकमेकींकडं जात नाहीत. पुढं गाणारीला जास्त अन झिलीवालीला कमी असं कधीच करायचं नाही, निम्मं निम्मं.

सरकारी बाजूचं थोडक्यात. आकाशवाणीची केंद्रं आपल्याकडं धाराशिव, बीड, परभणी, नांदेड, संभाजीनगर अशी जवळ आहेत, लोकसंगीताची ऑडिशन देऊन ग्रेड घ्या, पैसा थोडा असतो पण त्या ग्रेडनं सरकारी महोत्सवाची दारं उघडतात अन माइकसमोर नेमकं गायची शिस्त लागते. थोरली १८ ची झाली की केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिना ५००० असे दोन वर्षं, लोककलेला पण मिळते. नागपूरचं दक्षिण मध्य अन उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, महाराष्ट्र दोन्हीकडं येतो, दोन्हीकडं माहिती पाठवून ठेवा. पुढं कधीतरी बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार, तो चाळिशीच्या आतल्यांना असतो, त्याला अवकाश आहे.

अन आता लग्न, ज्याच्यावर पाहुणे बोलायलेत. पहिली गोष्ट, १७ ला स्थळ बघायचंच नाही, कायदा १८ चा आहे अन मी तर म्हणते पदवी होऊ द्या. दुसरी, लग्नानं जोडी तुटते हे खरं नाही, लपवून केलेल्या लग्नानं तुटते. म्हणजे बघायच्या कार्यक्रमात सांगायचं की पोरगी गाते, हौस आहे, अन मग सासरच्यांना पहिल्या नवरात्रात कळतं की ही हौस नाही, नऊ रात्री बाहेर असते. आमच्या वेळी आईनं बैठकीतच सांगितलं होतं, नवरात्राच्या नऊ रात्री अन एप्रिल महिना पोरगी कार्यक्रमाला जाणार, येणाऱ्या गाडीत घरचं माणूस असंल, कमाई तिच्या खात्यात जाईल, पटत असंल तर पुढं बोलू. दोन स्थळं तिथंच उठून गेली. जे बसले ते आजपर्यंत बरोबर आहेत, माझे सासरे तर कितीदा आमच्या गाडीत पुढं बसून आलेत.

लग्नानंतर दोघी दोन गावात जातात, तेव्हा रियाजाचं काय? व्हिडिओ कॉलवर दोघींना एकत्र गाता येत नाही, आवाज जरा उशिरा पोचतो अन एक कायम मागं राहते, त्यात वेळ घालवू नका. आम्ही काय करतो, एक जण तंबोऱ्यावर तिचा भाग रेकॉर्ड करून पाठवते, दुसरी कानात इअरफोन घालून त्याच्यावर गाते, अन तेच परत पाठवते. भाकरी करता करता, लेकरू झोपलं की, जेव्हा जमंल तेव्हा. मग कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकत्र आलो की फक्त श्वासाच्या खुणा अन सुरुवात शेवट बघायचा.

बाळंतपणाचं पण आधीच ठरवा, हे कुणी बोलत नाही. एक घरी असेल त्या वर्षात दुसरीनं तारखा सोडायच्या नाहीत, झिलीला चुलत मावस बहीण घ्यायची, नाव दोघींचंच लावायचं, अन घरी असलेल्या बहिणीला त्या वर्षाच्या कमाईतला ठरलेला छोटा वाटा द्यायचा. आमच्यात हे झालं म्हणून धाकटी वर्षानं परत मंचावर आली तेव्हा पाहुणी म्हणून नाही आली, तिच्या जागेवर आली. नाव पण पोरींचंच ठेवा, दोघींची नावं अन गावाचं नाव, कंपनीनं दिलेलं काही ग्लॅमरचं नको. लावणीत छाया-माया खुटेगावकर हे नाव बघा, दोघी बहिणी अन गाव, बॅनरवर वाचलं की लोकांना लगेच कळतं.

कधीतरी असं पण होईल की एकीलाच बोलावणं येईल. सिनेमात एक आवाज पाहिजे, किंवा टीव्हीच्या स्पर्धेत एकीलाच घेतलं. जाऊ द्या. दोघींना अडवून ठेवली की दोघी कुढतात. फक्त जोडीच्या ठरलेल्या तारखा मोडायच्या नाहीत अन जोडीची गाणी एकटीनं विकायची नाहीत, एवढे दोन नियम आत्ताच, भांडण नसताना, दोघींसमोर बोलून वहीत लिहा.

तर आता लगेच करायचं ते असं की कंपनीला कळवा, दसऱ्यापर्यंत सही नाही. तोवर आजीची गाणी रेकॉर्ड करून घ्या, निदान २० गाणी दोघींच्या वहीत उतरू द्या, लाल निळ्या खुणांसकट, अन दोघींची खाती काढा. नवरात्रात जवळपासच्या तीनचार आराधी मेळ्यात पैसे न ठरवता गाऊ द्या, म्हाताऱ्या बायांच्या बरोबरीनं, मागं बसून. तिथं कुठली गाणी धरली अन कुठली सुटली ते मला कळवा, त्याच्यावरून पहिल्या दोन तासांच्या कार्यक्रमाचा क्रम मी तुम्हाला लावून देते.